मागे कसं वाटलं?

"सायकलमध्ये हवा भरून मिळेल का?"

मोटरसायकलच्या शोरूममध्ये येऊन हा प्रश्न विचारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तो दारात उभा होता. एका हातात सायकलचं हँडल, वाऱ्यानं कपाळावर आलेले केस, आणि आपलं काही चुकतंय याचा चेहऱ्यावर पत्ताच नाही. त्या दिवशी वारा असा सुटला होता की आमचा रस्त्यावरचा जाहिरातीचा फलक सकाळपासून सारखा आडवा होत होता.

"इथे मोटरसायकली विकतात, सर," मी म्हणाले.

"हो, दिसतायत ना. पण हवा त्यांनाही लागतच असेल."

मी त्याला मागच्या वर्कशॉपचा रस्ता दाखवला. आमच्या मिस्त्रीकाकांनी हवा भरून दिली, वर चेनला तेलही घातलं. तो मागच्या मागे निघून जाईल असं मला वाटलं होतं. पण स्वारी पुन्हा पुढच्या दारानं आत आली आणि काचेजवळ घोटाळत राहिली.

तिथे आम्ही दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. एक रोडस्टर, बुटकी, आटोपशीर, इंजिन सगळं उघडं, सिग्नल सुटला की पहिली पुढे निघणारी. दुसरी ॲडव्हेंचर, उंच, मोठ्या पुढच्या चाकाची, समोर वारा अडवायची काच, मागे सामानाच्या पेट्या, खडी आणि खड्डे यांच्याशी जन्माची मैत्री असलेली. त्याने आधी एकीला हात लावला, मग दुसरीला, मग परत पहिलीला.

"चालवून बघायची?" मी विचारलं. सवयीनं विचारलं हो! सायकलवाला नाही म्हणेल अशी माझी खात्री होती.

"चालेल?" तो म्हणाला. "पण मग… कुठली?"

हा प्रश्न पुढे इतके दिवस पुरणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

आमच्याकडे टेस्ट राइडचा नियम असा की गिऱ्हाईक गाडी चालवतं आणि आमच्यापैकी कुणीतरी मागे बसतं. ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते. हेल्मेटमधून बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून डावीकडे वळायचं असेल तर डाव्या खांद्यावर टिचकी मारायची, उजवीकडे वळायचं तर उजव्या. दिवसभर मी अनोळखी पाठींमागे बसून शहरभर फिरते. चेहरा खोटं बोलतो, पाठ बोलत नाही. कोण बायकोला घाबरतो, कोण गाडीला घाबरतो आणि कोण नुसताच हवा खायला आलाय, ते मला पहिल्या वळणावर कळतं. निदान मला तसं वाटायचं.

त्या दिवशी आम्ही रोडस्टर घेतली. पहिल्याच सिग्नलला त्याने असा ब्रेक दाबला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटलं.

"सॉरी! लागलं का?" त्याने मान वळवून, काच वर करून विचारलं.

"मला नाही. हेल्मेटला लागलं."

पुढे त्याने इतक्या हळुवार ब्रेक लावले की मागची सगळी वाहनं आमच्या नावानं हॉर्न वाजवत गेली. शोरूमला परत आल्यावर तो उतरला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मागे कसं वाटलं?"

मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. ॲव्हरेज विचारतात, पिकअप विचारतात, दुसरा रंग आहे का विचारतात. मी आपली पोपटपंची सुरू केली, "उत्तम, सर. आटोपशीर सीट आहे, कुशन चांगलं आहे, धरायला…"

"हे सगळं माहितीपत्रकात असेल. तुम्हाला कसं वाटलं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"हातरुमालावर बसल्यासारखं," मी म्हणाले.

तो हसला. खळखळून, मान मागे टाकून. मीही हसले, आणि मग जीभ चावली, कारण आपलीच गाडी अशी विकत नाहीत.

आता आमच्या धंद्यातला एक पक्का ठोकताळा सांगते. मागच्या सीटची चौकशी करणारा माणूस एकटा नसतो. त्याचं लग्न तरी झालेलं असतं, नाहीतर ठरलेलं तरी असतं. हा ठोकताळा मी कधी चुकलेला पाहिला नव्हता. म्हणून मी सरळच विचारलं, "कुणाला बसवायचंय मागे, सर?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे… तसं अजून काही… बघू."

बघू म्हणजे ठरत आलंय. मी मनातल्या मनात त्याला त्या रकान्यात टाकला आणि गाडी पुसायला घेतली.

दोन दिवसांनी तो परत आला. आम्ही ॲडव्हेंचर घेऊन गेलो. मग पुन्हा रोडस्टर. मग पुन्हा ॲडव्हेंचर, कारण "मागच्या वेळी वारा जास्त होता, नीट कळलं नाही." तो पवनचक्क्यांवर काम करतो हे कळल्यावर शोरूममध्ये त्याचं नाव पवनचक्कीच पडलं. "आली गं तुझी पवनचक्की," असं कुणीतरी ओरडायचं आणि मी हेल्मेट उचलायचे. तुझी या शब्दाला मी आधी हरकत घेत असे. नंतर घेईनाशी झाले, पण ते कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही.

"त्यांची उंची किती?" एकदा मी विचारलं. आम्ही दोन्ही गाड्यांच्या मधे उभे होतो.

"कुणाची?"

"मागे बसणार आहेत त्यांची. ॲडव्हेंचर उंच आहे, चढायला त्रास होतो काहींना."

त्याने एकवार माझ्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईनं टायरकडे. "तुमच्याएवढीच."

"आणि स्वभाव?"

"स्वभावाचा सीटशी काय संबंध?"

"आहे तर! घाबरट असतील तर पाठ टेकायला मागे पेटी लागते."

"घाबरट? छे! उलट… जरा फटकळच आहेत."

"अरेरे! मग जपून राहा, सर."

"नाही हो," तो हळूच म्हणाला, "मला आवडतं ते."

त्या न पाहिलेल्या, माझ्याएवढ्या उंच, फटकळ बाईचा मला असा काही राग आला की विचारू नका. काय हवं होतं तिला आणखी? तिच्या बसण्याची काळजी करत हा माणूस दोन गाड्यांमध्ये नुसता तळ्यात-मळ्यात करत होता, आणि तिला एकदा येऊन सीटवर बसून बघायलाही सवड नव्हती!

घरी वहिनीला माझा चेहरा वाचायला वेळ लागत नाही. भाऊ आंघोळीला गेला की तिची चौकशी सुरू होते.

"आज फिरली का पवनचक्की?"

"फिरली. माझं डोकं फिरवून गेली."

"एवढं काय झालं?"

"त्याच्या त्या बाईला म्हणे खड्ड्यांतून कंबर दुखणार नाही ना, ही काळजी!"

वहिनीनं कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "तुझी दुखते का?"

"माझा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. तुझा काय संबंध? मग तू का गं जळतेस?"

"जळतंय माझं खेटर!"

"बरं बरं. पण तिला एकदा घेऊन या म्हण ना त्याला. आली तर कळेल तरी, आणि नाही आली…" वहिनीनं वाक्य अर्धंच सोडलं आणि कणकेला एक गुद्दा मारला.

मला तो सल्ला पटला नाही, पण दुसऱ्या दिवशी मी तो पाळला.

"त्यांनाच एकदा घेऊन या ना," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले. "बसून बघतील. एका मिनिटात निकाल लागेल."

तो बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "अजून नीट विचारलंच नाही त्यांना."

"सीटबद्दल?"

"सीटबद्दलच… म्हणा हवं तर." मग एकदम मान वर करून म्हणाला, "आणि मला सर म्हणू नका ना. शाळेत तास घेतोय असं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"पवनचक्की म्हणतातच की सगळे. मला ऐकू येतं."

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती.

त्या दिवशी ॲडव्हेंचरवर असताना मधेच पावसाची सर आली. आम्ही पेट्रोल पंपाच्या छपराखाली थांबलो. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता, आणि पलीकडे एक ट्रकवाला काचेवरचा चिखल पावसाकडूनच धुऊन घेत होता. मी मशीनमधून दोन चहा आणले. तो गाडीला टेकून उभा होता आणि बाहेर बघत होता, पण त्याचं लक्ष दूर कुठेतरी होतं.

"एक विचारू?" मी म्हणाले. "इतके दिवस झाले. तुम्हाला खरंच गाडी ठरवता येत नाहीये का?"

"नाही," तो म्हणाला. चहा फुंकून म्हणाला, "गाडीचं निमित्त आहे."

आणि मग त्याने सांगितलं. शहरातल्या कंट्रोल रूममध्ये बसून तो सगळ्या पवनचक्क्या पडद्यावर बघतो. कुठली फिरते, कुठली बंद पडली, कुठलीला वारा कमी. चांगली नोकरी, गार खोली, फिरती खुर्ची. पण आता डोंगरावरच्या नव्या जागेची सगळी जबाबदारी त्याला द्यायची म्हणत होते. तिथेच राहायचं. रस्ता अजून खडीचाच. महिनाअखेर कळवायचं होतं.

"वर गेलायत कधी?"

"एकदा. दुरुस्तीला." त्याचा आवाजच बदलला. "तुम्हाला खालून पाती हळू फिरताना दिसतात ना? वर शिडीवरून गेलं की त्यांचा आवाज येतो. मोठ्या पक्ष्यानं शेजारून जावं तसा. आणि सगळा डोंगर पायाखाली. मी उतरायलाच तयार नव्हतो, शेवटी मुकादमानं शिव्या घातल्या."

"मग अडलंय कुठे?"

त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "शहरात राहिलो तर रोडस्टर बरी. आणि शहरात राहायला… कारण आहे एक."

"त्या," मी म्हणाले.

"त्या," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मदत मागतोय. या माणसाला बिचाऱ्याला त्या बाईला कसं विचारावं तेसुद्धा कळत नाही!

त्या दुपारपासून मला सुखाची झोप नाही. माझ्या हातात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तो माझं ऐकतो, हे मला दिसत होतं. मी रोडस्टर घ्या म्हटलं असतं, चार कारणं ठासून सांगितली असती, तर तो इथेच राहिला असता. दुसऱ्या कुणासाठी का होईना, पण इथेच. दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला आला असता. चेनला तेल घालेपर्यंत काचेजवळ उभा राहिला असता, आणि मी चहा आणला असता. तेवढ्यावरसुद्धा माझं मन राजी झालं होतं. आणि ॲडव्हेंचर घ्या म्हटलं, तर तो जाणार होता.

महिनाअखेर जवळ आली तेव्हा मी स्वतःच फोन केला. "या आज. एकदाच शेवटचं चालवा, आणि मी सांगते तिकडे न्या."

आम्ही ॲडव्हेंचर काढली, पण मी त्याला नेहमीच्या रस्त्यानं नेलंच नाही. गोदामांच्या मागे, जुन्या खाणीकडे जाणारा एक रस्ता आहे. रस्ता म्हणायचा, एवढंच. डाव्या खांद्यावर टिचकी, उजव्या खांद्यावर टिचकी, आणि मग खडी सुरू झाली. गाडी डुलली. तो आधी आखडला. मग फूटरेस्टवर उभा राहिला, हात सैल सोडले, आणि गाडीला तिच्या मनासारखं जाऊ दिलं. त्याचे खांदे खाली आले. शहरातल्या एकाही फेरीत ते असे सैलावलेले मी पाहिले नव्हते. सिग्नलवर, पुलावर, चौकात हा माणूस नेहमी काहीतरी उचलून धरल्यासारखा बसायचा. इथे त्याने ते ओझं खाली ठेवलं होतं, आणि मला मागे बसून रडू येत होतं. बरं झालं हेल्मेट होतं.

खाणीपाशी गाडी थांबली. "मागे कसं वाटलं?" त्याने विचारलं. डोळे नुसते चमकत होते.

"ते सोडा," मी म्हणाले. "ॲडव्हेंचर घ्या."

त्याने इंजिन बंद केलं.

"तुम्हाला गाडी ठरवायची नाहीये, कुठे राहायचं ते ठरवायचंय. आणि ते ठरलेलंच आहे. मी तुमची पाठ बघितलीये. डोंगरावर जा तुम्ही."

"मनापासून सांगताय?"

"हो."

"मी गेलो तर… चालेल?"

मी हेल्मेटवरची धूळ पुसली. "न चालायला काय झालं? चांगली गाडी विकली, चांगल्या माणसाला विकली. आणखी काय हवं मला?"

"बरं," तो म्हणाला. बराच वेळ हातमोज्यातून एकेक बोट ओढत राहिला. "मग ॲडव्हेंचर."

परतताना तो पुन्हा आखडून बसला होता. माणसं पाठीवरून ओळखणाऱ्या मला ते दिसलं, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की आता त्याला घरी जाऊन तिला सांगायचंय.

गाडी ताब्यात द्यायचा दिवस उजाडला. सकाळीच तो आला. या वेळी सायकलही नव्हती आणि हसूही नव्हतं. गाडी वर्कशॉपमध्ये धुऊन पुसून उभी होती. मी कागदांवर सह्या घेतल्या, किल्ल्या दिल्या, अभिनंदन म्हणाले. सगळं इतकं व्यवस्थित बोलले की मलाच माझा राग आला.

मिस्त्रीकाका हातात पाना घेऊन गाडीमागे उकिडवे बसले. "मागचं सस्पेन्शन बसवून देतो तुमच्या मापानं. तुमचं वजन बोला."

त्याने सांगितलं.

"आणि मागे बसणाऱ्याचं?"

"मागे कुणी नाही," तो म्हणाला. "एकट्याच्या मापानं बसवा, काका."

काकांनी मान डोलावली आणि पाना लावला. आणि माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही.

"कुणी नाही म्हणजे? अहो, इतके दिवस मागची सीट, मागची सीट म्हणून मला शहरभर आपटत फिरवलंत! त्या बिचाऱ्या काय करतील आता? गाडी घेतलीत, डोंगरावर निघालात, आणि त्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच!"

"विचारलं की," तो म्हणाला.

"कधी?"

"दर वेळी. गाडीवरून उतरलो की पहिलं तेच विचारत होतो."

वर्कशॉपमध्ये पाण्याचा पाइप चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"मला वाटलं तुम्हाला कळलंय," तो खाली बघून बोलत होता. "उंची विचारलीत, स्वभाव विचारलात… मला वाटलं, तुम्ही मजा करताय, आणि मीही करत होतो. मग त्या दिवशी खाणीपाशी म्हणालात, डोंगरावर जा. म्हटलं, झालं. फटकळ माणूस आहे, पण नाही म्हणतानाही किती नीट म्हणाली."

माझ्याएवढी उंच. जरा फटकळ. आवडतं ते. सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात उतरत गेलं. जिचा मी इतके दिवस हेवा केला, जिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले, ती बाई हातात शोरूमच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन इथेच उभी होती.

"मला काय स्वप्न पडलं होतं?" मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "नीट तोंड उघडून बोलता येत नाही माणसाला? मी रडले त्या खाणीच्या रस्त्यावर! हेल्मेटच्या आत!"

त्याने मान वर केली. "का?"

"का म्हणजे? तुम्ही जाणार म्हणून!"

मिस्त्रीकाका पाना धरून तसेच बसले होते. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाकरले. "पोरी, मी काय करू? एकट्याच्या मापानं बसवू म्हणतायत हे."

पलीकडे तीन मेकॅनिक नट घट्ट करायचे सोडून कान टवकारून उभे होते. शोरूमच्या दारात आमच्या हिशेबाच्या बाई येऊन थांबल्या होत्या. या सगळ्यांना मी आजवर माझं वय कळू दिलं नव्हतं, बाकीचं तर सोडाच.

"अठ्ठावन्न किलो," मी म्हणाले. "हेल्मेट धरून साठ."

कुणीतरी शिट्टी मारली. त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं, आणि बघायला तिथे मिस्त्रीकाकाच होते.

"साठ," काका शांतपणे म्हणाले आणि पाना फिरवायला लागले. "रोज बसणार का कधीमधी? त्यानं फरक पडतो."

"सध्या मंगळवारी," मी म्हणाले. "मंगळवारी सुटी असते मला."

तो गाडीला वळसा घालून माझ्याजवळ आला. किल्ली घ्यायला हात पुढे केला, पण किल्ली त्याच्या खिशात होती, त्याने माझा हातच धरला.

"वरून इथे यायला चार तास लागतात," तो म्हणाला. "रस्ता फार खराब आहे."

"मग?"

"मग मी सोमवारीच निघेन."